शेवटचं प्रकरण न वाचलेल्या इंदुताई

जुन्या मराठी भयकादंबऱ्या वाचायच्या तर सुरुवात कुणापासून करावी, असं हल्ली लोक मला फोन करून विचारतात. या माणसाला त्यातलं कळतं, असं कुणीतरी पसरवून ठेवलं आहे. मला काही कळत नाही. कळत होतं ते इंदुताई साळवेंना, आणि त्यांना जाऊन आता दोन वर्षं होतील. मी त्यांचंच ऐकलेलं लोकांना सांगतो आणि फुकटचा मान घेतो.

श्रीगोंदा तालुक्यातल्या साखर कारखान्यात मी केमिस्ट म्हणून लागलो तेव्हा गळीत हंगाम सुरू व्हायला अवकाश होता. कॉलनीत संध्याकाळी करण्यासारखं काही नव्हतं. पतपेढीच्या मागे पत्र्याच्या खोलीत कामगारांचं वाचनालय होतं, तिथे गेलो. टेबलामागे एक किडकिडीत बाई बसल्या होत्या. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. साखरेच्या पोत्याच्या आत जो प्लॅस्टिकचा कागद असतो, तो कापून त्या पुस्तकांना कव्हरं घालत होत्या. त्या वाचनालयातल्या प्रत्येक पुस्तकाला मळीचा वास यायचा तो यामुळेच.

"चांगलंसं काहीतरी द्या वाचायला," मी म्हणालो.

"देते की. आधी सांगा, तुमी कशाला भिता?"

"कशालाच नाही." वय तसं होतं, आणि पदवी ताजी होती.

"मंग पेपर वाचा," असं म्हणून त्यांनी कालचं वर्तमानपत्र माझ्याकडे सरकवलं आणि पुन्हा कात्री हातात घेतली.

दुसऱ्या दिवशी मी मुकाट्याने परत गेलो. खरं काय ते सांगितलं. मी संगमनेरचा, इथे एकटा राहतो, आणि एखाद्या दिवशी तापाने फणफणलो तर पाणी द्यायलाही कुणी नाही, या विचाराने मला अधूनमधून धडकी भरते. इंदुताईंनी मान हलवली, उठल्या आणि लीला वाघधरेंची 'थंड चूल' काढून दिली. या बाईंचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं. कुणीच ऐकलं नव्हतं. एक सून वारलेली, बाकी घरातली सगळी माणसं जिथल्या तिथे आहेत, फक्त चूल पेटत नाही, जवळजवळ एवढंच त्या कादंबरीत घडतं. मी ती दोन बैठकांत संपवली आणि पुढचा आठवडाभर खानावळीतून आल्यावर उगाचच स्टोव्ह पेटवून बसायचो.

इंदुताईंची ही रीतच होती. पुस्तक त्या लेखकाच्या नावावर देत नसत, माणसाच्या भीतीवर देत. नवा सभासद आला की आधी प्रश्न. पुरुष हटकून म्हणायचे, "भुताबिताला आपण भीत नाय." त्यावर ताईंचं उत्तर ठरलेलं, "भुताला कुनीच भीत न्हाई ओ. दुसरं सांगा." मग माणूस जरा चुळबुळायचा, इकडेतिकडे बघायचा आणि हळूच खरं बोलायचा. त्या खोलीत लोकांनी जे कबूल केलं ते बायकोजवळही केलं नसेल. ताईंनी त्यातलं कधी कुणापाशी बोलून दाखवलं नाही. बाळंतपण जवळ आलेल्या बाईला मात्र त्या भयकादंबरी देत नसत, आणि घरात कुणी वारलं असेल तर म्हणत, "दिवस होऊ द्या, मंग या."

त्यांचा स्वतःचा भुतांवर काडीचा विश्वास नव्हता. हे मी एकदा त्यांना चिडवण्यासाठी बोलून दाखवलं. म्हटलं, ताई, तुम्ही बौद्ध, भूतखेत मानत नाही, आणि धंदा हा असला.

"मानत न्हाईच," त्या म्हणाल्या. "आमी बावीस प्रतिज्ञा घेतल्यात. पन कादंबरी वाचायची न्हाई अशी काय त्यात प्रतिज्ञा न्हाई. चांगली एकेक वाचून बघितलीय मी."

त्यांचे तीन लेखक होते. वाघधरेबाई घरातल्या भीतीच्या. द. पां. सुरवडे जमिनीच्या भीतीचे. आणि तिसरे मनोहर कातळकर. तिघांचीही पुस्तकं स्वस्त कागदावर छापलेली, मुखपृष्ठावर कवटी नाहीतर केस सोडलेली बाई, मग आत त्यातलं काही असो वा नसो. मोठ्या ग्रंथालयांनी ही पुस्तकं कधी दारात उभी केली नाहीत. सुरवड्यांबद्दल ताई म्हणायच्या, "हा मानूस नक्की तलाठी असनार. इतकी भीती त्याबिगर येत न्हाई."

या सुरवड्यांनीच एकदा वाचनालय वाचवलं. नव्या संचालक मंडळाच्या मनात आलं की ही भुताची पुस्तकं रद्दीत घालावीत आणि स्पर्धा परीक्षेची आणावीत. पाहणीला एक संचालक आले, भलतेच कडक. त्यांचा भावकीशी बांधावरून जुना तंटा होता, हे तालुक्याला माहीत होतं. ताईंनी त्यांना चहा दिला आणि सुरवड्यांची 'मोजणीदाराची साखळी' हातात ठेवली. "रद्दीत घालायच्या आधी एक वाचून बघा, आन्ना. एकच." त्या कादंबरीत मेलेला मोजणीदार दर अवसेला शेतात येतो, साखळी टाकून जमीन मोजतो, आणि ज्याने बांध कोरला त्याच्या दारात जाऊन आकडा सांगतो. बस, आकडा सांगतो आणि जातो. संचालकांनी पुस्तक परत केलं ते ड्रायव्हरच्या हाती. निरोप असा, की परीक्षेची पुस्तकं आणा पण जुनी राहू द्या. बांधाचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही. ताईंनी चौकशी करू दिली नाही.

हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या यायच्या. पाथर्डीकडची, त्याही पलीकडची माणसं. कारखान्यात काही बिघाड होऊन ऊस घेणं थांबलं, की त्यांना दुपार मोकळी मिळायची. अशा दुपारी ताई त्यांच्या कोप्यांकडे, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांकडे, जाऊन बसायच्या आणि बायकांना 'थंड चूल' वाचून दाखवायच्या. एकदा मीही बरोबर गेलो होतो. ताई रंगात येऊन वाचत होत्या. मेलेली सून रोज पहाटे येते आणि विझलेल्या चुलीपुढे दिवसभर बसून राहते, तो भाग चालला होता. लेकराला दूध पाजत बसलेली एक बाई मध्येच म्हणाली, "ह्या भुताला काय काम न्हाई का ओ बाई? दिसभर बसून ऱ्हातंय. असं बसाया मिळत आसंल तर आमी बी भूत होऊ." सगळ्या जणी हसल्या. ताई तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.  पण परत येताना फाटकापाशी आल्यावर म्हणाल्या, "वाघधरेबाईला हे सांगायला पाहिजे हुतं. कुठं असंल काय म्हाईत."

आता कातळकर. कातळकरांचं कपाट ताईंच्या पाठीशी होतं, म्हणजे न उठता हात पोचायचा. त्यातलं 'ओट्यावरचा पाहुणा' हे पुस्तक त्या सगळ्यात शेवटी द्यायच्या. सुरुवात कधीही यापासून करायची नाही, हा नियम. आणि देताना एक अट घालायच्या: "शेवट मला सांगायचा न्हाई."

नव्या माणसाला ते विचित्र वाटायचं. ग्रंथपालबाईंनी कादंबरीचा शेवट वाचलेला नाही, हे कसं? मग कॉलनीतलं कुणीतरी त्याला बाजूला घेऊन सांगायचं. मलाही असंच बॉयलरवरच्या एका फोरमनने सांगितलं होतं.

ताईंचे मालक प्रभाकर साळवे मिल हाऊसमध्ये होते. त्यांना वाचायचा भारी नाद. ड्युटी दिवसपाळीची असली की संध्याकाळी क्वार्टरच्या पायरीवर बसून ते ताईंना कादंबरी वाचून दाखवायचे आणि ताई समोर भाजी निवडत ऐकायच्या. शेजारची माणसंही येऊन बसायची. 'ओट्यावरचा पाहुणा' वाचून होत आलं होतं, एकच प्रकरण राहिलं होतं. त्या दिवशी साळवे कामावर गेले, छातीत कळ आली म्हणाले, आणि नगरच्या दवाखान्यात नेताना रस्त्यातच वारले. मुलगी सुजाता तेव्हा बालवाडीत होती. कारखान्याने ताईंना वाचनालयात लावून घेतलं. ते पुस्तक वाचनालयाचंच होतं, ते ताईंनी पहिल्या दिवशी स्वतः नेऊन कपाटात ठेवलं.

मी एकदा विचारलं होतं त्यांना, वाचून का टाकत नाही म्हणून. नंतर माझी मलाच लाज वाटली, पण त्या शांतपणे म्हणाल्या, "शेवट झाला की पुस्तक परत करावं लागतं, साहेब. अजून आमचं वाचून व्हायचंय." आणि पाठीमागच्या कपाटाला हात लावून, "कोन म्हनतं त्यातला पाहुना खरंच यायचा. कोन म्हनतं त्यातल्या बाईला वेड लागलं हुतं. मला दोन्ही चालतंय. पन मला वाटतं, यायचा."

त्या कादंबरीत एक विधवा आहे, यशोदा. रोज दिवेलागणीला तिचा मेलेला नवरा ओट्यावर येऊन बसतो, पाणी मागतो, पितो आणि उठून जातो. पानांमागून पानं एवढंच. ती घाबरत नाही, उलट दुपारपासून तांब्या घासून ठेवते. मी पुष्कळ वाचलं आहे, पण इतकं सुंदर भुताचं पुस्तक मराठीत दुसरं नाही, असं मी छातीठोक सांगेन. शेवटचं प्रकरण सोडून. शेवटच्या प्रकरणात पोलीस येतो, बॅटरीचा झोत टाकतो, आणि कळतं की तो यशोदेचा धाकटा दीर आहे. भावाचे कपडे घालून यायचा, वहिनी वेडी ठरली की जमीन आपल्याला मिळेल म्हणून. कातळकरांना कुणी हा शेवट करायला लावला देव जाणे. वाचून मला त्यांचा इतका राग आला की पुस्तक भिंतीवर आपटावंसं वाटलं.

तर हा शेवट सगळ्या कॉलनीला माहीत होता आणि इंदुताईंना नव्हता. चुगली, भांडणं, युनियनच्या मारामाऱ्या, कॉलनीत कशाचीही कमी नव्हती. कुणाच्या घरात काय शिजलं ते संध्याकाळपर्यंत सगळीकडे व्हायचं. पण ही एक गोष्ट कुणी फोडली नाही. एकदा नव्याने आलेला अकाउंटंट कॅन्टीनमध्ये ताईंच्या शेजारच्या टेबलावर बसून म्हणाला, "अहो, ते कसलं भूत, तो तर तिचा," आणि तेवढ्यात कॅन्टीनवाल्या बबनने चहाचं भरलं पातेलं जमिनीवर सोडलं. चहा सगळीकडे. अकाउंटंटची पँट गेली. बबन नुसता "सटकलं, सटकलं" करत राहिला. ताई फडकं घेऊन पुसायला धावल्या. त्यांना काही कळलं नाही, असं आम्हाला तेव्हा वाटलं.

ताई निवृत्त झाल्या तेव्हा शाल, नारळ, भाषणं झाली. काय पाहिजे ते मागा, असं चेअरमन व्यासपीठावरून म्हणाले. त्यांनी ते एक पुस्तक मागितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढे वर्षभरात वाचनालय बंद पडलं. खोलीत आता कॅमेऱ्यांचे पडदे लावलेत, फाटकातून कोण आलं गेलं ते दिसतं. पुस्तकं टेम्पोत भरून रद्दीला गेली. मला ते कळलं तोवर उशीर झाला होता.

ताई काष्टीला सुजाताच्या घरी राहायला गेल्या. सुजाता तिथे शाळेत शिक्षिका. मी बाजाराच्या दिवशी कधी तिकडे गेलो की भेटून यायचो. एकदा त्या बाजारातच भेटल्या, भेळेच्या गाडीपाशी. भेळ हातात तशीच, आणि त्या पुड्याचा कागद चष्म्याला टेकवून वाचत होत्या. मला बघितल्यावर म्हणाल्या, "वाघधरे हाय ही. पहिलं प्रकरन." भेळवाल्याने बरोबर त्याच पुस्तकाची पानं फाडून ठेवली होती. उरलेली पानं तो देऊ करत होता, पण निम्मी आधीच गेली होती. ताईंनी भेळ माझ्या हातात दिली, तो तेलकट कागद घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवला आणि म्हणाल्या, "वाचनाऱ्याला आता कुठनं सुरुवात करा म्हनून सांगू? पहिलं प्रकरन भेळीत गेलं." मी हसायचा प्रयत्न केला. त्यांनी केला नाही.

मग साखरेने त्यांचे डोळे नेले. जन्मभर साखर कारखान्यात राहून साखरेनेच मारावं, यावरही त्या स्वतःच विनोद करायच्या. पुढे मूत्रपिंडं गेली. दौंडला डायलिसिसला नेत होते. मग एक दिवस त्यांनीच नको म्हटलं, आणि सुजाताचा मला फोन आला. "काका, आई बोलवतेय. तुम्ही वाचून दाखवा म्हणते. ते शेवटचं प्रकरण."

मी गेलो. दुपार कलली होती. ताई खाटेवर एवढ्याशा झाल्या होत्या. पुस्तक उशाशी, त्याला अजून साखरेच्या पोत्याचं कव्हर. सुजाताने खुर्ची दिली आणि दारात उभी राहिली. तिने ते पुस्तक वाचलेलं होतं, तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"माझ्याच्यानं आता पुढं ढकलवत न्हाई, साहेब," ताई म्हणाल्या. "वाचा."

येताना गाडीवर मी सगळं ठरवून ठेवलं होतं. पहिला परिच्छेद मी जसा होता तसा वाचला. मग पोलीस यायच्या जागी मी पोलीस आणला नाही. ओट्यावरचा माणूस पाणी पितो, यशोदेकडे बघतो, उद्या येतो म्हणतो, असं काहीतरी मी सांगू लागलो. आवाज शक्य तितका पुस्तकी ठेवला. माझ्या मते बरं जमत होतं.

"साहेब," ताई म्हणाल्या. "पान उलटल्याचा आवाज न्हाई आला."

मी पान उलटलं.

"आन कातळकर इतकं गोड लिहीत न्हाई. काय छापलंय ते वाचा. मी पातेलं पडलं त्या दिवसापासनं तयारीत हाय."

मग मी वाचलं. बॅटरी, पोलीस, दीर, कपडे, जमीन, सगळं. एक अक्षर सोडलं नाही. वाचताना मला कातळकरांचा पुन्हा तितकाच राग आला आणि माझा आवाज फाटला, तो मी लपवला नाही. समाप्त हा शब्दसुद्धा वाचला.

 ताई म्हणाल्या, "म्हंजी तो येतच नव्हता."

"नाही, ताई."

"कॉलनीत समद्यांना ठाऊक हुतं?"

"हो."

"आन कुनी बोललं न्हाई." त्यांनी हात पुढे केला. मी पुस्तक हातात दिलं, तर ते बाजूला सारून त्यांनी माझं मनगट धरलं. "लई सांभाळलं मला तुमी."

सुजाता आत निघून गेली. ताई छताकडे तोंड करून पडून होत्या. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "आमच्या यांना खोड हुती. कादंबरी आनली की पहिल्यांदा शेवट बघायचे. मी लई भांडायची त्यावरनं." त्यांना दम लागला. मी पाणी दिलं. "हे पुस्तक वाचताना शेवटी शेवटी रोज एकच पान वाचायचे. डोळं दुखत्यात म्हनायचे. एक पान झालं की मिटवायचे. मला वाटायचं, डाक्टरला दाखवायला पाहिजे."

  मला रडू येत होतं आणि मी ते येऊ दिलं. त्यांना दिसत नव्हतं, पण त्यांना कळलं असणार.

"टाइम हाय का तुमाला?" त्यांनी विचारलं.

"आहे की."

"मंग पहिल्यापासनं वाचा."

मी पहिलं पान काढलं. यशोदेचं घर, अंगण, ओटा. तिची दुपार. घासून ठेवलेला तांब्या. बाहेर बाजाराहून परतणाऱ्या गाड्यांचा आवाज होता, सुजाताने येऊन खिडकी लोटली. पुस्तकातही दिवेलागण झाली, आणि फाटकाची कडी वाजली, आणि कुणीतरी येऊन ओट्यावर बसलं. ताईंचे डोळे मिटलेले होते, छाती अगदी हळू हलत होती. झोप लागली असेल म्हणून मी बोट घालून पुस्तक मिटलं.

डोळे न उघडताच त्या म्हणाल्या, "थांबू नका. आत्ता कुठं आलाय तो."